खोलीचं तापमान

सुलूताई दिघ्यांच्या प्रयोगशाळेत खायला बंदी होती. तशी ती सगळ्याच प्रयोगशाळांमध्ये असते, पण इतर ठिकाणी पाटीवर असते आणि इथे सुलूताईंच्या अंगात होती. भोपाळहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एकदा बोलता बोलता खिशातला पेढा तोंडात टाकला. सुलूताईंनी शांतपणे कचऱ्याची बादली उचलली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरली. साहेबांनी पेढा थुंकला. तपासणीचा अहवाल चांगला आला, प्रयोगशाळेत शिस्त आहे असं त्यात लिहिलं होतं.

वडील रेल्वेत, जळगावहून बदली होऊन उज्जैनला आले ते इथलेच झाले. सुलू इथेच बी.एस्सी. झाली आणि फ्रीगंजजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या विभागात लागली. हुद्दा लॅब टेक्निशियन. काम म्हणजे द्रावणं करायची, नळ्या धुवायच्या, स्टॉपवॉच धरायचं आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. पस्तीस वर्षं तिने हेच केलं. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणारे लोक एक एक करून म्हातारे होऊन वारले, मग तो विषय संपला.

विभागात एक म्हण झाली होती, 'सुलूताईंची नोंद म्हणजे पत्थर की लकीर.' पोरं पीएचडीचे आकडे काढत, सुलूताई शेजारी बसून घड्याळ बघत आणि निळ्या शाईने लिहीत. तारीख, वेळ, सेकंद आणि छापील रकाना असायचा तो 'खोलीचे तापमान'. ते भिंतीवरच्या थर्मामीटरवरून. परीक्षक बाहेरून आले की प्रबंधापेक्षा आधी सुलूताईंचं रजिस्टर मागत. सुलूताई हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण त्यांना त्याचा अभिमान होता. चांगला घसघशीत होता.

आता ही निहारिका. वडील बँकेत, घर ऋषिनगरला, स्वभावाने मुळूमुळू, पण कामाला वाघ. तिचा विषय ऐकायला अवघड आहे, करायला फक्त कंटाळवाणा. तोंड आलं की लहानपणी जीभ जांभळी करणारं औषध लावायचे ना, जेन्शन व्हायलेट, तो रंग घ्यायचा. त्यात कॉस्टिक सोडा घातला की रंग हळूहळू उडतो. साध्या पाण्यात अकरा मिनिटं लागतात. पण त्याच पाण्यात केसांच्या कंडिशनरमध्ये असतं त्या जातीचं साबणी द्रव्य चिमूटभर घातलं, की पन्नास सेकंदांत रंग गायब. का? तर त्या द्रव्याचे कण पाण्यात गोळा होऊन बारीक बारीक गोळे करतात, आणि रंग आणि कॉस्टिक दोघंही त्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. भेट लवकर होते.

आता कुणीही म्हणेल, मग भरपूर घाला. घातलं तर गोळेच इतके होतात की रंग एका गोळ्यावर, कॉस्टिक भलत्याच गोळ्यावर, आणि वेळ पुन्हा वाढत जातो. वीस टक्क्यांना दोन मिनिटं, तीसला तीन. इथपर्यंत सगळं ठीक होतं. चाळीस टक्क्यांना मात्र निहारिकाच्या नळीतलं पाणी पाणी राहिलंच नाही. नळी उलटी केली तरी पडेना, असा श्रीखंडासारखा गोळा झाला. दोन पोलरॉइडच्या काचा एकमेकींवर आडव्या-उभ्या धरून मध्ये ती नळी ठेवली की तो गोळा चमचम चमकायचा. द्रवही नाही आणि खडाही नाही, मधलंच काहीतरी, ज्याला हे लोक द्रवस्फटिक म्हणतात. आणि त्यात रंग उडायला अडतीस मिनिटं लागली.

तीनवरून एकदम अडतीस. निहारिकाने पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

पण विभागप्रमुखांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे, काचेच्या फ्रेममध्ये एक आलेख लावलेला होता. खुद्द त्यांचाच, म्हणजे डॉ. शैलेंद्र पागनीस यांचा, चोवीस वर्षांपूर्वीचा, हाच रंग, हेच द्रव्य, याच प्रयोगशाळेतला. त्यांची पीएचडी त्यावर झाली, नोकरी त्यावर लागली आणि सासरही, असं म्हणतात, त्यावरच मिळालं. त्या आलेखातली रेघ चाळीस टक्क्यांवरून अशी सपकन निघून गेली होती की जणू तिथे काही नाहीच.

"देखो निहारिका," सर म्हणाले, "बाकी तुझे आकडे माझ्या तिप्पट आहेत, तेवढं चालवून घेतो. पण चाळीसला माझा आकडा एक मिनिट वीस सेकंद आहे. तुझा अडतीस मिनिटं. इतका फरक निसर्ग करत नाही, हात करतो. तू नीट घोटत नाहीस."

"सर, मी घोटते. पाच मिनिटं घोटते."

"मग द्रव्य खराब असेल. दुसरं मागव, पुन्हा कर. असा खड्डा असलेला आलेख मी सही करून पाठवू? लोक मला विचारतील ना, की बाबा तुझा खरा का हिचा खरा?"

सर वाईट नव्हते. चोवीस वर्षं पाठीमागे एकच रेघ टांगून बसलं की माणसाला ती आपल्या पाठीचा कणा वाटायला लागते, एवढंच. अडचण अशी होती की जानेवारी अर्धा सरला होता आणि निहारिकाची नोंदणी अठ्ठावीस फेब्रुवारीला संपत होती. मुदतवाढ दोनदा झालेली. तिसरी मिळत नाही. सरांची सही नाही तर साडेपाच वर्षं पाण्यात.

त्या दिवशी दुपारी निहारिका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. सुलूताई नळ्या पुसत होत्या.

"मावशी, मी ठरवलं," ती म्हणाली. "अडतीसच्या जागी चार लिहिते. मधले दोन आकडेही जरा खाली आणते. रेघ सरळ होईल. सर खूश, मी सुटले."

"आणि खरं किती आलंय?"

"खरं अडतीस आलंय."

सुलूताईंनी नळी स्टँडला लावली. त्यांना राग आला. पोरीचा आला, सरांचा आला, आणि का कोण जाणे, थोडा स्वतःचाही आला.

"शनिवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "आकड्यांना हात लावू नकोस."

"शनिवारी काय होणार आहे?"

"मला काय माहीत? मी कुठे जोशी आहे? पण थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, कॉलेजात झाडूवालीशिवाय कुणी नसताना, सुलूताईंनी स्वतः चाळीस टक्क्यांची नळी केली. भिंतीवर चौदा अंश होते. द्रव्य गरम पाण्यात विरघळवलं, रंग घातला, निवू दिलं. गोळा झाला. कॉस्टिक घालून पाच नाही, सात मिनिटं घोटलं. मग स्टॉपवॉच. बसल्या. सदतीस मिनिटं पन्नास सेकंद.

म्हणजे पोर खरं बोलत होती. बरं वाटायला हवं होतं. पण मग शैलेंद्र खोटा ठरत होता, आणि तो तर खोटा नव्हता, कारण त्याचं घड्याळ कुणी धरलं होतं? सुलूताईंनीच. काडीसारखा होता तेव्हा, दोन स्वेटर घालायचा, नळी हातात धरून थरथरायचा. एक मिनिट वीस हा आकडा सुलूताईंनी आपल्या हाताने लिहिला होता. दोन खरी माणसं, दोन खरे आकडे, आणि मध्ये छत्तीस मिनिटांची दरी.

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि चोवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. डिसेंबर. आपलंच अक्षर, तेव्हा जरा टपोरं होतं. नळी क्रमांक आठ, चाळीस टक्के, १ मि. २० से. पुढे रकाना, खोलीचे तापमान, चौदा अंश. आजच्याइतकंच. एकही खाडाखोड नाही. त्या पानं उलटत गेल्या आणि एकोणीस तारखेच्या पानात त्यांना ते सापडलं.

पानाच्या शिवणीत अडकलेलं शेंगदाण्याचं लाल साल.

सुलूताई त्या सालाकडे बराच वेळ बघत राहिल्या. पुढच्या पानात आणखी दोन होती. प्रयोगशाळेत खायला बंदी होती. पस्तीस वर्षांत ती कधी मोडली नव्हती, साहेबांकडून मोडली नव्हती आणि स्वतःकडून तर नाहीच. म्हणजे हे रजिस्टर प्रयोगशाळेत नव्हतं.

मग कुठे होतं? अहो, कुठे असणार. उज्जैनमध्ये डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहानंतर माणूस कुठे असतो? उन्हात. बँकेतला बाबू असो, शाळेतला मास्तर असो, खुर्ची ओढून बाहेर. दगडी इमारती रात्रभर गारठा पिऊन ठेवतात, आत बसलं तर बोटं वाजतात. म्हणून अख्खं गाव धूप खातं, मूंगफली फोडतं, जाम कापून तिखट-मीठ लावून खातं, पेरूला इथे जामच म्हणतात, आणि कामही तिथेच करतं. विभागातले सगळे गच्चीवर बसायचे. शैलेंद्र नळ्यांचा स्टँड घेऊन वर यायचा, सुलूताई रजिस्टर आणि मूंगफलीचा पुडा घेऊन. दर पंधरा दिवसांनी एकदा त्या खाली जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर बघून यायच्या, आणि चौदा लिहायच्या. मध्यंतरी वरच्या जिन्याला कुलूप लागलं, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, म्हणून निहारिका बिचारी आत कुडकुडत बसली.

ही चूक कुणाला सांगितली तर हसतील. पण उन्हात बसणं ही काय नोंद करायची गोष्ट आहे? आज श्वास घेतला, असं कुणी लिहितं का?

सुलूताईंनी शिपाई प्रकाशकडून जिन्याची किल्ली घेतली. टाक्यांच्या मध्ये खाटेएवढी जागा होती आणि तिथे ऊन होतं. त्यांनी सकाळसारखीच नवी नळी केली, गोळा झाल्यावर कॉस्टिक घोटलं आणि ती घेऊन वर जाऊन बसल्या. पोलरॉइडच्या काचा बरोबर होत्या. नळी काचांमध्ये धरली तेव्हा चमकत होती. सात-आठ मिनिटांनी कडा विझायला लागल्या. मग मधला भाग. मग सगळी नळी काचांमध्ये काळी पडली. त्यांनी ती तिरपी केली. गोळा वाहायला लागला. आणि तो वाहायला लागला तसा जांभळा रंग त्यांच्या डोळ्यांसमोर उडाला, स्टॉपवॉच दाबेपर्यंत जवळजवळ गेलाच. वितळल्यापासून मोजला तर दीड मिनिटही नाही.

नळीत थर्मामीटर घातला. बत्तीस.

हे नुसत्या उष्णतेचं काम नव्हतं, तेवढं रसायन सुलूताईंना येत होतं. दहा अंशांना वेग दुप्पट, म्हणजे चौदाचे बत्तीस झाले तर तिप्पट, साडेतीनपट. त्यांनी खात्रीसाठी वीस टक्क्यांची नळीही उन्हात करून पाहिली, दोन मिनिटांचे अडतीस सेकंद झाले, बरोबर तिप्पट. चाळीसची मात्र अठ्ठावीसपट. म्हणजे गोळा असणं आणि नसणं हाच खरा फरक होता. महाकालच्या दर्शनाला मोकळ्या पटांगणात माणूस कुणालाही जाऊन भेटतो, पण एकदा रेलिंगच्या रांगेत घातला की दोन हातांवरच्या रांगेतल्या सख्ख्या भावालाही भेटता येत नाही, रांगेबरोबरच सरकावं लागतं. गोळ्यात रंगाचं तेच होत होतं. रांगा थंडीने लागत होत्या आणि उन्हाने मोडत होत्या.

सुलूताई खाली आल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या. हे कुणाला सांगितलं नाही तर काय होईल, याचा त्यांनी विचार केला, अगदी नीट केला. निहारिका चार लिहील, सर सही करतील, पोरगी सुटेल. फ्रेम जागेवर राहील. सुलूताईंना चौदा महिन्यांनी निरोपाची शाल मिळेल, आणि कुणीतरी भाषणात पत्थर की लकीर म्हणेलच. सांगितलं तर त्या लकीरीचं काय? चोवीस वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर एकटा नव्हता. त्याच्या आधीचे होते, नंतरचे होते, किती पोरांचे किती आकडे आणि प्रत्येकापुढे टपोऱ्या अक्षरात खोलीचे तापमान. खोलीच नव्हती. त्यांना इतकी लाज वाटली की उन्हातही पाय गार पडले.

शनिवारी अकरा वाजता त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. सर फोनवर होते. फोन ठेवेपर्यंत सुलूताई उभ्या राहिल्या.

"सर, जरा गच्चीवर येता?"

"गच्चीवर? काय आहे गच्चीवर?"

"ऊन आहे."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत सुलूताईंनी कुणाला कुठे बोलावलं नव्हतं. ते उठले.

वर टाक्यांमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीजवळ मूंगफलीचा पुडा, दोन जाम, सुरी, तिखट-मीठ. सर बसले. बसताना, का कोण जाणे, त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, जसे तो काडीसारखा पोरगा घालायचा.

"बस," सुलूताई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सर बसलेलेच आहेत आणि आपण 'बस' म्हटलंय. शैलेंद्र विभागप्रमुख झाला त्या दिवसापासून त्या त्याला तुम्ही म्हणत होत्या. त्यांनी दुरुस्ती केली नाही.

त्यांनी थर्मासमधून बर्फात ठेवलेली नळी काढली. घट्ट गोळा, जांभळा. पोलरॉइडमध्ये धरून दाखवला, चमकला. मग त्यांनी त्यात कॉस्टिक घोटलं आणि नळी सरांच्या हातात दिली.

"धरून बस उन्हात. तेव्हा धरायचास तशी."

सरांनी विचारलं नाही की तेव्हा म्हणजे कधी. त्यांनी नळी धरली. सुलूताईंनी शेंगा सोलल्या. खाली रस्त्यावर सिंहस्थाच्या कामाचं खोदकाम चालू होतं, त्याचा खडखडाट येत होता. दहा मिनिटांनी गोळा कडेने सुटला, तिरपा झाला, वाहिला, आणि सरांच्या बोटांमध्ये रंग उडून गेला. नळी पाण्यासारखी स्वच्छ.

सरांनी ती उन्हापुढे धरली आणि पुष्कळ वेळ धरून ठेवली.

"दोन खुर्च्या तिकडे असायच्या," ते शेवटी म्हणाले. "त्या भिंतीला लागून."

"हो. वारा लागायचा नाही तिथे."

"मी लिहिलं होतं, खोलीचं तापमान."

"तू नाही लिहिलंस. मी लिहिलं." सुलूताईंनी पिशवीतून जुनं रजिस्टर काढलं आणि उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. पान खाली रिकामं होतं तिथे लाल शाईने लिहिलेलं होतं. *या व यापूर्वीच्या हिवाळ्यांतील नोंदींत खोलीचे तापमान लिहिले आहे, ते चूक आहे. नळ्या गच्चीवर उन्हात होत्या. तापमान आतल्या भिंतीवरचे लिहिले. चूक माझी. सु. दिघे.* खाली आजची तारीख.

सरांनी वाचलं. शेजारच्या शिवणीत लाल साल होतं, ते त्यांनी नखाने काढलं नाही.

"हे विभागात गेलं की तुमच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील, सुलूताई?"

"नका ठेवू. तपासून बघा." त्यांनी खालच्या मजल्याकडे बोट केलं. "ती पोर खाली आकडे खोटे करायला बसलीये. माझ्या चौदा अंशांपायी. ते मला झेपणार नाही रे."

यात एक वाट अगदी सरळ होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. चूक टेक्निशियनची, लाल शाईत, सहीनिशी. सरांनी फक्त मान हलवायची होती. आलेख चुकला तो नोंदीमुळे, माणूस बिचारा प्रामाणिक. सुलूताईंनी ती वाट त्यांच्यासाठीच मोकळी करून ठेवली होती, आणि त्यांना वाटतही होतं की ते त्या वाटेने जातील. जावं, असंही वाटत होतं.

सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. चावला. मग हात पुढे केला.

"पेन द्या."

"लाल आहे."

"चालेल."

त्यांनी सुलूताईंच्या सहीखाली लिहिलं. जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक काढलं. सुलूताईंना चष्मा लावल्याशिवाय वाचता येईना. चष्मा लावला.

*मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. प्रयोग माझा होता. शै. पागनीस.*

सुलूताईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, नुसतं तोंड उन्हाकडे केलं. सरांनी जाम कापला, तिखट-मीठ लावलं, अर्धा त्यांना दिला. मग उठून टाकीजवळच्या कठड्यावरून खाली वाकले आणि आवाज दिला.

"निहारिका, आकड्यांना हात लावू नकोस. वर ये. आणि येताना थर्मामीटर आण."